खडा बदलला नव्हता



दागिन्यांवर या सदरात मी सहसा लिहीत नाही. आपल्या बहुतेक घरांत दागिने कसे जपावेत यापेक्षा ते गहाणातून कसे सोडवावेत याचीच काळजी जास्त असते, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या पावसाळ्यात एका भगिनीचे पत्र आले. वहीची चार पाने, पाठपोट भरलेली. विचारले होते एवढेच की सासूबाईंची जुनी खड्याची अंगठी काळवंडली आहे, ती टूथपेस्टने घासली तर चालेल का? एवढ्याशा प्रश्नाला चार पाने कशाला लागली, ते वाचत गेले तेव्हा कळले. दुखणे अंगठीचे नव्हतेच.

त्या भगिनीची परवानगी घेऊन, नावगाव गाळून ही हकिकत सांगते.

अंगठी मूळची त्यांच्या आजेसासूबाईंची. आजेसासरे रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला होते, त्यांनी पगारातून पैसे साठवून घडवून घेतलेली. म्हणजे अंगठीचे वय आज शंभरीच्या घरात. अर्धा तोळा सोने, मधोमध हरभऱ्याएवढा लाल खडा, आणि खड्याची मागची बाजू सोन्याच्या पत्र्याने पूर्ण बंद. शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसाच्या घरात सोन्याची अंगठी असणे ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून ती विकायची नाही, हा त्या घरचा नियमच. अडीअडचणीला गहाण ठेवायची, पण सोडवून आणायचीच.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि या घरचे दोघे भाऊ त्यातलेच. त्या वर्षी अंगठी पेढीवर गेली. दोन वर्षांनी थोरल्या जाऊबाईंनी लोकांचे डबे करून पैसे जमवले, त्या स्वतः पेढीवर गेल्या, अंगठी सोडवली आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या हातात ठेवली. सासूबाईंनी ती उजेडात धरली. खडा पूर्वी निखाऱ्यासारखा दिसायचा, आता विझलेला, काळपट. थोरलीला त्या काही बोलल्या नाहीत. रात्री धाकटीला म्हणाल्या, “हा माझा खडा नव्हे.”

बस, एवढे एकच वाक्य. पण ते घरात फिरले. पेढीवाल्याने बदलला म्हणावे, तर त्याने बदलून त्याला काय मिळणार? मग थोरलीनेच खडा विकून काच बसवली असेल? कोणी तसे उघड म्हणाले नाही, पण थोरलीला कळायचे ते कळले. त्यांनी वेगळे बिऱ्हाड केले. पुढची चाळीस वर्षे दोन्ही घरांत लग्नकार्ये झाली, मयते झाली. थोरल्या जाऊबाई यायच्या, पाणी घ्यायच्या, जेवायला मात्र थांबायच्या नाहीत.

आता सासूबाई नाहीत. अंगठी धाकटीकडे आली आहे, आणि नातीचे लग्न ठरले आहे म्हणून ती उजळायची आहे. शेजारच्या कोणी सांगितले की डागी माणिक घरात ठेवू नये, वाईट असते, मोडून टाका. मुलगा म्हणतो विकून नवी घ्या. आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत खरा प्रश्न होता: खडा तेव्हा बदलला होता का, हे आता कळू शकेल का?

मी उलट टपाली कळवले, “अंगठीला पाणी, पेस्ट, साबण काहीही लावू नका. मोडू तर मुळीच नका. घेऊन या, आणि येताना थोरल्या जाऊबाईंनाही आणा.”

त्या दोघी आल्या. माझ्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर आहेत, ज्यांचे सारे आयुष्य कोंदणकामात गेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, अंगठी फिरवून फिरवून पाहिली, दिव्यासमोर तिरपी धरली. बराच वेळ गेला. मग मान वर न करता विचारले, “ही कधी पाण्यात भिजत घातली होती का?”

कोणी बोलेना. मग थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “मीच घातली होती.”

पेढीवरून आली तेव्हा अंगठी मळकट होती. सासूबाईंच्या हातात लखलखीत द्यावी म्हणून त्यांनी रिठ्याचे पाणी उकळले, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि अंगठी रात्रभर त्यात ठेवली. सकाळी वरचे सोने छान उजळले होते. खड्याचे त्यांच्या ध्यानात आले नाही, कारण त्या खोलीत उजेडच नव्हता.

इथे थोडे समजावून सांगते, कारण असा बंद कोंदणाचा जुना दागिना कित्येक घरांत असेल.

हल्लीच्या अंगठीत खडा बहुधा चार-सहा नख्यांवर उभा असतो आणि खालून मोकळा असतो. उजेड आरपार जातो, खडा चमकतो. जुन्या अंगठ्यांत तसे नसे. खड्याभोवती सोन्याची कड वळवून त्याला चहूबाजूंनी कवेत घेत आणि मागून पत्रा बंद करीत. मग उजेड येणार कुठून? म्हणून खड्याखाली चांदीचा किंवा रंग दिलेला अगदी पातळ चकचकीत पत्रा ठेवत. वरून पडलेला उजेड त्यावर आपटून परत फिरे आणि खडा पेटल्यासारखा दिसे. आपल्याकडच्या कुंदनकामात हीच युक्ती आहे, आणि युरोपातल्या दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या दागिन्यांतही हीच. पुष्कळ ठिकाणी पत्र्याखालची पोकळी लाखेने भरलेली असते.

आता अशा बंद डबीत पाणी शिरले तर? ते बाहेर पडायला वाट नसते. आतला पत्रा काळा पडतो, त्याची चकाकी कायमची जाते. जुन्या आरशाचा मागचा मुलामा उडाला की काळे डाग दिसतात ना, अगदी तसेच. वरची काच शाबूत, पण तोंड काही दिसत नाही. गरम पाण्याने लाखही मऊ होते आणि खडा हलू लागतो. या अंगठीत कडेला सोन्याला केसाएवढी चीर होती. तिथून रिठ्याचे पाणी आत गेले आणि खडा एका रात्रीत विझला. घरातला संशय मात्र चाळीस वर्षे राहिला.

“पण खडा तोच कशावरून?” धाकटीने विचारले. विचारायलाच हवे होते. कारागिरांनी भिंग तिच्या हातात दिले. खडा बदलायचा तर सोन्याची वळवलेली कड उचलावी लागते आणि पुन्हा दाबावी लागते. तिथे हत्याराच्या खुणा राहतात, कड कुठे पातळ होते, कुठे उजळ दिसते. इथे कडेची झीज सगळीकडे सारखी होती. खड्याच्या धारा आणि सोन्याची कड एकाच हातावर, एकाच काळात झिजल्या होत्या. कोंदण घडल्यापासून उघडलेले नव्हते.

थोरल्या जाऊबाईंनी भिंगातून पाहिले नाही. त्या म्हणाल्या, “मला कशाला बघायचंय?”

भिंगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती सांगावी की नाही याचा कारागिरांनी क्षणभर विचार केला असावा. खड्याच्या आत बारीक गोल बुडबुडे होते आणि अगदी सूक्ष्म वळणदार रेषा होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. खाणीतल्या माणकात रेषा सापडल्या तर त्या सरळ असतात. वळणदार रेषा आणि बुडबुडे म्हणजे खडा भट्टीतला. ऑगस्त व्हर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ही कृती जाहीर केली. अॅल्युमिनाची शुद्ध भुकटी, त्यात किंचित क्रोमियम, आणि दोन हजार अंशांहून अधिक तापमानाची ज्योत. भुकटी ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि काही तासांत नासपतीच्या आकाराचे माणिक तयार होते. पाच-सात वर्षांतच असे खडे ढिगांनी बाजारात येऊ लागले. जुन्या एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ते ज्वेल्स याच जातीचे, कारखान्यात केलेली बारीक माणके.

“म्हणजे खोटाच?” धाकटीचा चेहरा उतरला. खोटा कसा म्हणायचा? ती काच नव्हे. खाणीतले माणिक ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचा तो आहे आणि तेवढाच कठीण आहे. किंमत मात्र फार कमी, हे खरे. शंभर वर्षांपूर्वी सोनाराने आजेसासऱ्यांना काय म्हणून दिला, ते आता कोण सांगणार? कदाचित सोनारालाही कळले नसेल. म्हणजे ज्या खड्याच्या चोरीचा संशय दोन बायका चाळीस वर्षे वाहत होत्या, तो चोरण्याएवढ्या किमतीचा कधी नव्हताच. हे ऐकून थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा हसल्या, आणि मग डोळ्याला पदर लावला.

असो. आता तुमच्या घरी असा जुना दागिना असेल तर काय करावे, ते सांगते.

पहिले काम उलटून पाहण्याचे. मागची बाजू बंद असेल तर पाण्याचे नाव काढू नका. किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या मऊ सुती कापडाने सोने तेवढे पुसा आणि कोरड्या कापडाने टिपून घ्या. बस. खडा मंद दिसतो म्हणून घासू नका. मळ वर नाही, आत आहे.

मागून उघडी असेल, तर खडा कोणता यावर पुढचे अवलंबून. १८१२ साली फ्रेडरिक मोस या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी लावली. जो दगड ज्याच्यावर ओरखडा काढतो तो त्याहून वरचा. हिरा दहा. माणिक आणि नीलम नऊ. पुष्कराज आठ. स्फटिक आणि अकीक सात. ही सात लक्षात ठेवा, कारण घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि तेही सातच. म्हणजे सातहून मऊ खडा नुसत्या कोरड्या पदराने रोज पुसलात तरी वर्षानुवर्षांच्या घासण्याने तो खरवडला जातो. धूळ आधी फुंकून किंवा मऊ कुंचल्याने झटकायची, मग पुसायचे. पिरोजा, मोती, पोवळे हे सगळे सातच्या खालचे. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी घातलेली असते. तिने मऊ खड्याची आणि सोन्याचीही तुकतुकी जाते. राख, रांगोळी, दंतमंजन या सगळ्यांचे तेच.

मोत्याबद्दल मी स्वतः पोळलेली आहे. आईची एक मोत्याची अंगठी होती. नव्या संसाराच्या उत्साहात मी ती तांब्याच्या भांड्यासारखी लिंबाच्या फोडीने चोळली. मोती म्हणजे चुन्याच्याच जातीचा पदार्थ, शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेला. आंबट लागले की वरचा थर विरघळतो. माझा मोती खडूसारखा दिसू लागला आणि तसाच राहिला. आई काही बोलली नाही, पण ती अंगठी तिने पुन्हा घातली नाही. तेव्हा लिंबू, चिंच, व्हिनेगर, अत्तर आणि घाम यांपासून मोती दूर ठेवायचा. अंगावर चढवायचा तो सगळ्यात शेवटी, उतरवायचा सगळ्यात आधी, आणि मऊ कापडाने पुसून ठेवायचा. पोवळ्याचीही तीच जात, म्हणून तीच काळजी.

पिरोज्याला बारीक छिद्रे असतात. तेल, साबण, क्रीम तो पिऊन घेतो आणि निळ्याचा हिरवट होतो. पाचू दिसतो कठीण, पण त्याच्या पोटात जन्मतः चिरा असतात आणि त्या झाकायला व्यापारी त्यात तेल मुरवतात. गरम साबणाच्या पाण्यात ते तेल सुटते आणि झाकलेल्या चिरा उघड्या पडतात. मग घरात ओरड होते की खडा फुटला. दुकानात दागिने धुण्याची थरथरणारी मशीन असते, त्यात पाचू, मोती, पोवळे किंवा कोणतीही बंद कोंदणाची जुनी अंगठी टाकू देऊ नका. दुकानदाराला उगाच घाई असते.

अकीकाची चिंता नको. तो आपल्याच मातीतला, दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारा चिवट गडी आहे. हिरा, माणिक, नीलम हेही उघड्या कोंदणात असतील तर कोमट पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश एवढ्याने स्वच्छ होतात. फक्त मोरीत धुऊ नका. वाडग्यात तळाला फडके घालून धुवा. नळाखाली धरलेला खडा निखळला तर तो थेट गटारात जातो आणि मग सगळी चाळ शोधायला येऊनही सापडत नाही.

खडा सैल आहे का, हे पाहायला अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकी टिचकी मारा. आत खुळखुळ ऐकू आली तर त्या दिवसापासून घालणे बंद. नख्या असतील तर त्यांवरून कापसाचा पुंजका फिरवा. तंतू अडकला की समजावे नखी उचकटली आहे.

आता कामावरच्या हातांबद्दल. आपल्यातल्या कित्येक जणी दुसऱ्यांच्या घरी भांडीधुणी करतात, इस्पितळात सफाई करतात. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन सोन्यातल्या मिश्रणाला खातो. नख्या आतून ठिसूळ होऊन एके दिवशी तुटतात. इस्पितळात किंवा घरी ताप मोजायची पाऱ्याची नळी फुटली तर अंगठी आधी काढून लांब ठेवा. पारा सोन्यात मुरतो आणि सोने पांढरे पडते, ते घासून निघत नाही. आणि घरच्या पुरुषांना सांगा: लेथवर, प्रेसवर, कुठल्याही फिरत्या यंत्रावर अंगठी नको. ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारतानाही नको. अंगठी कुठे अडकली तर माणसाचे वजन त्या एका बोटावर येते आणि बोटाचे कातडे सोलून निघते, कधी बोटच जाते. बॅटरीचे काम करणाऱ्याची अंगठी दोन टोकांना एकदम टेकली तर ती क्षणात लालबुंद होते. वाडवडिलांची आठवण म्हणून यंत्रावर अंगठी घालून जाणाऱ्यांना मला हात जोडून सांगावेसे वाटते की ती डब्यात ठेवा.

सोनाराकडे जाल तेव्हाही डोळे उघडे असू द्या. मापाची करायची तर खड्याच्या विरुद्ध बाजूला कापून, झाळून करतात. ज्योतीच्या उष्णतेने मोती, पोवळे, पाचू, लाख, आतला पत्रा यांतले काहीही बिघडू शकते, म्हणून काम करणाऱ्याला खडा कोणता आणि कोंदण कसले ते आधी सांगा. ‘पॉलिश मारून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. प्रत्येक पॉलिशला थोडे सोने झिजते, कोरलेली नक्षी पुसते, आतल्या बाजूला कोणाची आद्याक्षरे असतील तर ती जातात. जुन्या अंगठीला जुनी दिसू द्यावी.

विकताना किंवा गहाण ठेवताना ‘कॅरट’ या शब्दात फसू नका. सोन्याचा कॅरट शुद्धतेचा: चोवीस भागांत किती भाग सोने. बावीस कॅरट म्हणजे शेकडा ९१.६, अठरा म्हणजे ७५. खड्याचा कॅरट वजनाचा: पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. दोन्ही एकाच दमात बोलून गोंधळ घालणारे भेटतात. गहाण घेणारा खड्याचे वजन वजा करूनच सोने धरतो. ते बरोबरच आहे, पण वजन तुमच्यासमोर व्हावे. अंगठी मोडीत द्यायचीच झाली तर खडा तुमच्यादेखत काढायला सांगा आणि तो परत घ्या. बिनकामाचा आहे असे सांगितले तरी घ्या.

जुन्या अंगठीवर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नका. दुकानदाराने हॉलमार्कचे दागिनेच विकावेत ही सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली. ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्या आजीच्या अंगठीवर नाही. सरकारमान्य हॉलमार्किंग केंद्रात थोडे शुल्क भरून सोन्याचा कस तपासून घेता येतो. पण तो शिक्का सोन्यापुरताच. खड्याबद्दल तो काही सांगत नाही. खड्यासाठी रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा वेगळी, आणि तिचे शुल्क खड्याच्या किमतीहून जास्त तर होणार नाही ना, हे आधी विचारावे. दुधात खडा टाकून बघणे, काचेवर ओढून बघणे हे प्रकार करू नका. भट्टीतले माणिकही काचेवर ओरखडा काढते, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणखी एक: अंगठी १९६३ नंतरच्या दोन-तीन वर्षांतली असेल आणि कस कमी निघाला, तर लगेच कोणाला चोर ठरवू नका. त्या वर्षी सोने नियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध दागिना घडवायला बंदी झाली. त्या काळातले कित्येक दागिने त्यामुळेच हलक्या कसाचे आहेत.

डागी माणकाचे उत्तर राहिले. डाग चांदीच्या पत्र्याला पडला आहे, रिठ्याच्या पाण्याने. ग्रहांचा त्यात काही हात नाही, आणि मोडायला सांगणाऱ्या शेजारणीला मी हेच कळवले आहे.

कारागिरांनी त्या दोघींना विचारले की कोंदण उघडून नवा पत्रा घालू का? खडा पुन्हा पेटेल. पण शंभर वर्षे झिजलेली सोन्याची कड उचलताना तुटू शकते, त्याची खात्री देता येणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. चांगला कारागीर असे आधी सांगतो. धाकटीने थोरलीकडे पाहिले. थोरल्या म्हणाल्या, “राहू दे. जशी आहे तशी दे पोरीला.” चिरेवर बाहेरून काही लावायचे नाही, पाण्यापासून जपायचे, एवढेच ठरले. नातीचे बोट बारीक आहे, पण अंगठी कापून लहान करायची नाही असेही ठरले. ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालणार आहे, तीही सणासुदीलाच.

परत येताना दुपारचे दोन वाजले होते. माझ्याकडे वांग्याची भाजी आणि भाकरी होती. दोघी जेवल्या. थोरल्यांनी भाजीत मीठ कमी आहे असे सांगितले, आणि ते खरेही होते.

मग आम्ही एक चिठ्ठी लिहिली. १९८२ च्या पेढीच्या पावतीवर ‘अंगठी १, लाल खडा’ एवढेच लिहिलेले होते. ती पावती थोरल्या जाऊबाईंनी अजून जपून ठेवली आहे. नव्या चिठ्ठीत वजन, खड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची चीर कोणत्या बाजूला, आतला काळा डाग कसा दिसतो, खडा भट्टीतला आहे, कोंदण कधी उघडलेले नाही, हे सगळे लिहिले. मोबाइलवर समोरून, मागून आणि पट्टीशेजारी ठेवून फोटो काढले. अंगठी मलमलच्या तुकड्यात गुंडाळून, इतर दागिन्यांपासून वेगळी, लहान डबीत ठेवली. रबरबँड लावू दिले नाही, कारण रबरातल्या गंधकाने चांदी आणखी काळी पडते. चिठ्ठीवर खाली कोणी घडवली, कोणी गहाण ठेवली आणि कोणी डबे करून सोडवली ती तीन नावे आहेत. त्याखाली धाकटीने स्वतःच्या अक्षरात मोठ्याने लिहिले आहे, ‘पाण्यात घालू नये.’